सरलाबाईला आखाजीचं बोलावणं

१० एप्रिल, सकाळ
ही वही ऐकणाऱ्या बाई, गॅसवर दूध ठेवलंय, आठवतं का? नाही ना? गेलं उतू. म्हणून आजपासून सगळं लिहून ठेवायचं. ऐकणारी मीच. मला अक्षर येत नाही; मी बोलते, नात हर्षदा लिहिते. हसू नको, लिही.

बमरोलीच्या सरलाबाईचा सूड घ्यायचा. तिच्या निखिलसाठी हर्षदा पसंत होती. मग कळलं, पोरीला शाळेपासून डायबिटीस, रोज इन्सुलिनची सुई. निरोप आला, जमणार नाही. हर्षदा म्हणते, जाऊ दे आजी, मलाच नव्हतं करायचं. तिचं असेल. मी सोडणार नाही.

१२ एप्रिल
प्लॅन पक्का. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सरलाबाईला जेवायला बोलवायचं. पोरगी कशी ठणठणीत आहे, बघू दे डोळ्यांनी. आंब्याचा रस एकदाच वाढायचा. पुन्हा विचारायचं नाही.
तोवर हर्षदाची शुगर माझ्या ताब्यात. डॉक्टर काय, घरी जेवायला येतो का?

१४ एप्रिल
साखर, गूळ, हर्षदाच्या पर्समधली चॉकलेटं, सगळं ट्रंकेत. कुलूप. ती म्हणते, शुगर एकदम उतरली तर ते चॉकलेट औषध आहे. मी म्हटलं, तुझे आजोबा तंबाखूलाही औषधच म्हणायचे.

१७ एप्रिल
शुगर छान. हर्षदा म्हणते, डोस बदलला म्हणून. लिही, माझ्यामुळे. लिहिलंस? वाचून दाखव.
सरलाबाई येणार. लेक रश्मीलाही आणते म्हणाली. आण. दोघींची तोंडं एकदम उतरतील.

१९ एप्रिल, आखाजी, संध्याकाळ
आज लिहायचं नाही म्हटलं. हर्षदा म्हणते, आजच लिहायचं.
ताटं मांडली, हर्षदाने सुई घेतली. पण मी आगारी थांबवली. आगारी म्हणजे निखाऱ्यावर पितरांचा घास. तो जळल्याशिवाय घरात कुणी तोंड उष्टं करत नाही. सरलाबाईने येऊन थाट बघायला नको? ती आली उशिरा. मग गोवरी पेटेना. हर्षदा म्हणाली, आजी, सुई घेतलीय, मला आधी खाऊ दे. मी म्हटलं, पाहुण्यांसमोर हावरेपणा नको. तिला घाम फुटला, हात थरथरायला लागले. मला वाटलं, सरलाबाईला घाबरली. म्हटलं, ताठ उभी राहा.
सरलाबाईच उठली. साखर कुठे, विचारलं. मी ट्रंकेकडे बघितलं. किल्ली सापडेना. तिने स्वतःच्या पर्समधून ग्लुकोज काढलं, हर्षदाला बसवून पाजलं. माझ्या घरात. माझ्या पितरांच्या आधी.
रश्मीलाही तेच आहे म्हणे. लपवून ठेवलं होतं, लग्न अडेल म्हणून. सरलाबाई रडत म्हणाली, एकीचीच धास्ती झेपत नाही हो, दुसरी कशी घेऊ पदरात.
व माय! रस पुन्हा वाढला. माझाच हात गेला.

२७ एप्रिल
ट्रंक फोडली. चॉकलेटं हर्षदाला परत. काल रश्मी आली होती. काय खाल्लं तर किती सुई घ्यायची, हर्षदा तिला शिकवत होती. दोघी हसत होत्या. दोघी इथल्या गुजराती शाळेतल्या; मी सल्ला द्यायला गेले की मला न कळणारी गुजराती सुरू.
सूड सोडलेला नाही, हे लिही.
आता वही ठेव आणि बमरोलीला डबा पाठव. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत. वेळेत पोचव, रश्मीने सुई घेतली की ताट समोर हवं. ठेचा वेगळ्या डबीत. तो सरलाबाईला. मिरच्या मोजू नको.