उलटी बसवलेली केबल

१२ एप्रिल १९७८, बुधवार
सकाळी १० वाजून २० मिनिटं. पळसदरीजवळचं रेल्वे फाटक बंद. दोन्ही बाजूंच्या शेतांत राब भाजणं चाललेलं — पालापाचोळा, शेण, गवत. धूरच धूर! मी गाडीच्या काचा चढवल्या, बाहेरची हवा अडवणारा खटका ‘बंद’वर ओढला, पंखा लावला. आतलीच हवा फिरायला हवी. पंख्यातून धुराचा लोट आला!

शेजारी बसलेल्या ह्यांना दमा. पुढे बैलगाडी, मागे टेंपो. अकरा मिनिटं फाटक उघडलं नाही. खोपोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ह्यांचे ओठ निळे.

हवेची झडप सोमवारीच हिरामण मेकॅनिककडून दुरुस्त करून आणली होती ह्यांनी. दुरुस्त! टेलिफोन खात्यात तीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी वेळेसकट नोंदवल्या. आता ही माझी.

१३ एप्रिल
ऑक्सिजन लावलाय. बोलायची मनाई. तरी ते मला काहीतरी सांगू बघत होते. “नंतर,” म्हटलं.

१४ एप्रिल
दुपारी सव्वातीनला गेले.

२७ एप्रिल
तेरावं झालं. पाहुणे गेले. हिरामणशी भांडायचं तर पुरावा हवा. कामाच्या गौराबाईला उदबत्त्यांचा जुडगा देऊन बॉनेटमागच्या, बाहेरची हवा आत घेणाऱ्या जाळीशी उभं केलं.

“बाय, गाडीला ओवाळू का?”

“हलू नकोस. आणि हसू नकोस.”

“मी कुठं हसते? मालक असते तर हसले असते.”

खटका ‘बंद’वर — उदबत्तीचा वास थेट आत. ‘उघडा’वर — काही नाही! तीनदा करून पाहिलं. झडप धड आहे, खटका उलटा चालतो. हिरामणला निरोप धाडला. गाढव मेला!

२८ एप्रिल
हिरामण आला. दारातच रडायला लागला. मी रडू दिलं नाही.

“केबल उलटी का बसवलीस?”

“मूळची मिळाली नाय, बाई. दुसरी आखूड पडली. उलटी लावली तरच पोचत व्हती. सायबांना दावली ना! त्यांच्याकडनं खटका फिरवून घेतला.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सायबच बोलले, बाईला मी सांगतो. तू सांगितलंस तर सोलून काढेल तुला.”

“मग लिहून द्यायचं!”

“आमी तोंडी सांगतो, बाई. लिवत नाय.”

म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. दोन दिवस मला सांगायचं धाडस झालं नाही.

फाटकापाशी ते खटक्याकडे हात नेत होते. बोलता येत नव्हतं. “अहो, लुडबुड नको!” म्हणून मी तो हात झटकला. दोनदा. बारा तारखेला हे मी लिहिलं नाही.

कॉन्व्हेंटात ख्रिस्ती मुली शनिवारी पाप कबूल करायला रांगेत उभ्या राहायच्या. मी त्यांना हसायचे.

१ मे
हिरामणला पत्र टाकलं. तक्रार नाही. नक्कल इथे —

“साहेब त्या सोमवारी तुझ्याकडे दीड तास बसले होते. घरी आले ते खुशीत. मी विचारलं नाही. काय काय बोलले, ते आठवेल तेवढं कुणाकडून तरी लिहून घेऊन पाठव. माझ्याविषयी बोलले असतील तेही — वाईट असेल तर तसंच. उत्तर लेखीच हवं. १० मे, सायंकाळी पाचच्या आत.”