मोटारीतली जागा अन् यांचं नाव

पौष शु. ३, सोम.
मुलींच्या शाळेत मास्तरणीची एक जागा निघाली. मुलाखत गुरुवारी, बुलढाण्यास. आणि खामगावातून मोटार दिवसाला एकच! लढाईमुळे पेट्रोल नाही म्हणे. एजंट म्हणाला, "गुरुवारपर्यंत भरली, बाई. नाव खाली लिवून ठेवतो. वरचा कोनी नाही आला तं तुमचा नंबर." बरं, लिहा. माझं सांगितलं तर पेन्सिल थांबली. "बाईच्या नावानं लिवत नसतो. मालकाचं सांगा." ते कसं सांगू? सोबतच्या गंगाबाईंनी सांगितलं, तेव्हा लिहिलं.

शु. ४, मंगळ.
आग लागो त्या मोटारीले! एक शेटजी आले नाहीत, एजंटनं यांचं नाव पुकारलं. मी वळकटी घेऊन उठले.
"तुम्ही काऊन उठल्या? हे तं मानसाचं नाव हाय."
म्हटलं, माझाच नंबर तो.
"मंग घ्या नाव."
सगळा स्टँड बघतोय. कुणी मेला ओरडला, "उखाणा घ्या, वहिनी!" मी वळकटीची दोरीच आवळत राहिले. तेवढ्यात माझ्या खालच्या नंबरचा सरकीचा दलाल जागेवर बसलासुद्धा. सातवी पास मी, पोरींना शिकवायला निघालेली, आणि चार अक्षरं... शी!
घरी हे हसले. "घेऊन टाकाचं होतं ना. माह्यं नाव घेतल्यानं मी काय मरतो?" सासूबाई चुलीपासून, "नवऱ्याचं आयुष्य घटते. मास्तरीन हो, नाही तं डिप्टी कमिशनर हो. अन् इथं भाकरी कोन थापीन?" दोघांचाही राग आला. जास्त स्वतःचा.

शु. ५, बुध.
आजची चुकली की संपलं. कालचा नंबर आज चालत नाही, म्हणे! पुन्हा सगळ्यांच्या खाली. ही कुठली रीत? भांडले. उपयोग शून्य. शेवटी पिंपळगाव राजा गावचे चौघं आलेच नाहीत, म्हणून नंबर लागला. एजंट दात काढत, "घ्या मंग."
म्हटलं, लग्न लागून राह्यलं काय इथं? आणि घेतलं. सखाराम. सखाराम नारायण. मोठ्यानं, दोनदा.
एजंटनं दात मिटले. "बसा, बाई."
घाटात सासूबाईंचं ‘आयुष्य घटते’ आठवलं. होत नसतं काही, ठाऊक आहे. तरी देवाला एक नारळ बोलले.
मुक्काम मावशीकडे.

शु. ६, गुरु.
मुलाखत झाली. कविता म्हणवली, भागाकार करवले. बरी झाली असावी.
पण आधी दारातला कारकून, "यजमानांचे नाव?" फाडकन सांगितलं. त्यानं तेच लिहिलं, पुढे सौ. लावून. माझं विचारलंच नाही! म्हटलं, नोकरी मला पाहिजे, माझंही लिहा की. तर म्हणे, "कशाले? लागली तं कळवू ना घरी."
घरी म्हणजे सासूबाईंच्या हाती, म्हणजे चुलीतच. पोस्टमनला अलीकडेच गाठावं लागेल, गल्लीच्या तोंडाशी. तो विचारणार, कोणाच्या नावाचं पत्र, बाई?