माल पसरला की उठायचं नाही

१२ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझी वहिनी मजेत आहे, मीही बरा आहे. चार वर्षं एक ओळ न खरडणारा दादा आज कुठून उगवला, म्हणशील. म्हण, पण शेवटपर्यंत वाच.

एका शाळेच्या हॉलची फरशी बसवायचं काम घेतलं आहे. दर तासाला सगळ्यांना उठवून पाणी पाजतो. म्हातारा चळला म्हणून गडी हसतात. गुडघ्यांना उशा बांधायचास म्हणून मी तुझी टर उडवायचो, त्याच उशा आता सगळ्यांना सक्तीच्या केल्यात. हत्यारांच्या पेटीतला गोळ्यांचा डबा आठवतो? त्यात आता पेन्सिली आहेत.

झालं असं, की गेल्या महिन्यात पाय सुजले. चपलेत जाईनात. वहिनीने दवाखान्यात ओढत नेलं. दुखण्यावर काय घेता, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी ऐटीत सांगितलं, रोज गुडघे टेकण्याआधी एक पांढरी, दुपारी एक, कंबरेला पिवळी वेगळी. आणि फरशीखाली सिमेंटचा माल पसरला की उठायचं नाही, म्हणून दिवसभर पाणी प्यायचं नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. पांढरी आणि पिवळी एकाच जातीची निघाली. वर माझ्या बीपीच्या गोळ्या आणि लघवी जास्त होण्याची गोळी. हे सगळं एकत्र, तेही दिवसभर पाण्यावाचून, म्हणजे मूत्रपिंडांचे हाल, आणि हृदयावर ताण तो वेगळाच.

आता लिहूनच टाकतो. बरा आहे म्हणालो ते खोटं. माझी मूत्रपिंडं निम्मंच काम करतात. गेलं ते परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, असं बाई म्हणाल्या. मी सांभाळणार आहे.

पण पत्र माझ्यासाठी नाही. तुलाही बीपी निघालं, हे तुझ्या बायकोने वहिनीला फोनवर सांगितलं. आणि तुझ्या पेटीतही तसलाच डबा असणार, कारण ती शिकवण माझी. चार वर्षांपूर्वी त्या दिवशी कामावर गुडघा धरून उठलास, पाणी मागितलंस. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "गोळी घे आणि खाली बस." तू घेतलीस, फरशी पुरी केलीस आणि दुसऱ्या दिवशी काम सोडून गेलास. चूक माझी होती. मला त्याची लाज वाटते.

या आठवड्यात रक्त, लघवी आणि बीपी तपासून घे. घरातली प्रत्येक गोळी पाकिटासकट डॉक्टरांना दाखव. बीपीची मनाने बंद करू नकोस. गुडघा दुखला तर आधी त्यांना विचार. दुखण्यावरची हीच गोळी त्यांनी दिली तर कमीत कमी, मोजके दिवस, आणि पाणी किती प्यायचं तेही विचारून घे. रुसवा माझ्यावर धर, शरीरावर काढू नकोस.

मग तपासणीचा कागद घेऊन ये. हॉलचा दाराजवळचा कोपरा तुझ्यासाठी राखलाय. गुडघे मी टेकीन, तू उभ्याने फरशी काप. पाणी हवं असेल तेव्हा सांग, ओला माल तसाच टाकून मी स्वतः उठून आणीन.

पहिली गोळी तुझ्या तळहातावर ठेवणारा,
तुझा दादा