चौथी काच

पेनलान, वेल्स
१० मार्च १९५९

प्रिय एमरिस,

‘प्रिय’ लिहिताना पेन अडलं. पण आठ वर्षांनी पत्र लिहिताना दुसरं काय लिहावं ते सुचेना, म्हणून राहू दिलंय. लंडनमधलं तुझं घर मोठं आहे म्हणे. इथं आईचे गुडघे गेलेत, तरी दर रविवारी चॅपलला जाते आणि येताना तुझ्या आईच्या कबरीवरचं गवत उपटते.

प्रयोगशाळेतला तो हिवाळा तुला आठवतो? हवा ओढणारं ते पितळी यंत्र आपण किती वेळा जोडलं आणि मोडलं! खाणीतली धूळ सरसकट गोळा करून उपयोग नाही, ती आकाराप्रमाणे वेगळी व्हायला हवी, हा हट्ट तुझा. एकामागे एक चार फटी, प्रत्येक आधीच्यापेक्षा अरुंद, आणि प्रत्येकीसमोर चिकट लेप दिलेली काच. हवा काचेपाशी येऊन वळते. जाड कणाला वळता येत नाही, तो तिथंच आपटतो. बारीक निसटतो, तो पुढच्या काचेला सापडतो. चौथ्या काचेवर उरते ती फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसणारी धूळ. गणित तुझं, फटी घासून बसवायचं काम माझं. शेवटची फट साधायला मला सात आठवडे लागले. ती साधली त्याच दिवशी तू मला लग्नाचं विचारलंस.

बायकांना खाली उतरायला बंदी, म्हणून यंत्र घेऊन तू गेलास आणि माझ्या भावाने, ट्रेफरने, ते उचलून कोळसा फोडतात तिथवर नेलं. तिथली चेष्टा तो घरी येऊन सांगायचा. “धूळ पकडायला पेटी कशाला रे पंडित? ब्रिनकाकाला उलटा टांगून झटक, पोतंभर निघेल!” आणि खोकत खोकत सगळ्यांत मोठ्याने ब्रिनकाकाच हसायचा.

धूळ दाबायला खाणीत पाण्याचे फवारे बसवल्यावर आपण पुन्हा मोजलं. पहिल्या दोन काचा जवळजवळ स्वच्छ. चौथी होती तशीच काळी. मी सूक्ष्मदर्शकाखाली तीनदा मोजली. जाड धूळ पाण्याने बसली होती, जीव घेणारी तरंगतच होती. आणि तू अहवालात चारही काचांवरचं वजन एकत्र करून लिहिलंस, धूळ तीन चतुर्थांशाने घटली! बारीक धुळीला वजन ते असणार किती? एवढ्या कष्टाने वेगळी केलेली धूळ तूच परत एका ढिगात ओतलीस. मी विचारलं तर म्हणालास, “नेस्टा, आत्ता एवढंच जाऊ दे. खाण बंद पडली तर ट्रेफर खाईल काय? चौथीचं पुढच्या अहवालात लिहू.” पुढचा अहवाल आलाच नाही. तुझी लंडनची नेमणूक आली, आणि वर्षभरात तुझ्या लग्नाची बातमी, तीही मला वाण्याच्या दुकानात कळली.

ते मी गिळलं. पण ट्रेफरला खाणीच्या वर, दिवे सांभाळायचं काम मिळत होतं. त्याने नाकारलं. “एमरिसने मोजलंय. आपल्या गल्लीतला माणूस, खोटं कशाला लिहील?” हे तो इतरांनाही छातीठोक सांगायचा. मी समोर बसून बटाटे सोलत होते. गप्प राहिले. आधी तुझी होणारी बायको म्हणून, नंतर लाजेपोटी. त्या अहवालावर तुझ्या सहीखाली माझी सही आहे.

गेलं वर्षभर तो खुर्चीतच बसून झोपला. जिना चढवेना. डॉक्टरांच्या मंडळाने हा खाणीचा आजार मानायला नकार दिला, कारण अहवालाप्रमाणे तिथं आजार होण्याइतकी धूळ उरलीच नव्हती.

रविवारी सकाळी ट्रेफर गेला. एकोणचाळीस वर्षांचा होता. आदल्या दिवशी, एकेका शब्दाला थांबत मला म्हणाला, “एमरिसला कळव. खांदा द्यायला तो हवा.” तेव्हाही मी त्याला खरं सांगितलं नाही. गुरुवारी त्याच्या मृत्यूची सरकारी चौकशी आहे. तिथं मी चौथ्या काचेचे आकडे वाचणार आहे, तुझं नाव घेऊन आणि माझंही. अंत्ययात्रा शनिवारी दोन वाजता. त्याची इच्छा कळवायची होती, ती कळवली. गुरुवारनंतरही त्याला खांदा द्यायची हिंमत असेल, तर ये.

एकेकाळी तुझीच,
नेस्टा