गाम्जाला चालत नाही ते

प्रिय तेउक,

तुझा निरोप मिळाला. चुसकच्या सणाच्या सुट्टीत येऊन गाम्जाला सोलला घेऊन जाणार म्हणतोस. नव्या घराजवळ बाग आहे, पोरीला कुत्रा हवाय, आणि वर, ‘आपलाच तर आहे ना ताई, विकत कशाला आणू?’ आपलाच! दोन महिन्यांसाठी म्हणून माझ्याकडे टाकून गेलास तेव्हा तो तुझ्या बुटात मावायचा. आता माझी अर्धी उशी त्याची असते. फोनवरच उत्तर दिलं असतं, पण फोनवर तुझी नेमकी मीटिंग निघते, आणि हे मला मध्येच तुटू द्यायचं नाहीये.

आधी त्याच्या तब्येतीचं सांगते, कारण तू ते कधी विचारलं नाहीस. पहिल्या हिवाळ्यातच तो पंजे चाटायला लागला. वाळवणाच्या मांडवांवर मासे टांगलेले, अंगणात गुडघाभर बर्फ. मला वाटलं, थंडीनं बोटं फुटली असतील. मग कान चिघळले. आंबूस वास यायचा, डोकं झटकून झटकून बिचारा हैराण व्हायचा. औषधाचे थेंब घातले की बरं वाटायचं, बाटली संपली की पुन्हा तेच. पोटावरचे केस गेले, खालची कातडी काळी, जाड झाली. शेजारची ओग्बुन काकू म्हणाली, ‘परागकण बाधले असतील गं.’ पण पराग असते तर बर्फात तरी त्याला उसंत मिळाली असती. याची खाज बारा महिने.

बाबांचं औषध ठरलेलं. इथं कुत्रा आजारी पडला की सुक्या पोलॉक माशाचं कढण करतात, आणि आपला तर घरचाच धंदा. मांडवावरचा चांगल्यातला चांगला मासा काढायचे, मीठ जाईपर्यंत पाणी बदलत भिजवायचे, काटा न् काटा वेचायचे आणि दुधासारखं पांढरं होईपर्यंत उकळायचे. ‘तुझ्या आईला दोन्ही बाळंतपणांत यानंच उभं केलं,’ आई वारून इतकी वर्षं झाली तरी म्हणायचे, ‘हा तर टीचभर कुत्रा.’ गाम्जा वाटी चाटून पुसून स्वच्छ करायचा. जितका खाजवायचा तितकी वाटी मोठी व्हायची.

शेवटी त्याला सोक्चोच्या प्राण्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी कान पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या आणि खातो काय ते विचारलं. मी मोठ्या अभिमानानं कढणाचं सांगितलं. त्यांनी कागदावर ‘मासा’ लिहून खाली रेघ मारली. मग म्हणाल्या, ‘ज्यानं बरा होईल म्हणून देताय, त्यानंच तो आजारी पडत असेल तर?’ रक्त तपासा म्हटलं, तर म्हणाल्या त्यातून खात्रीचं काही कळत नाही. मार्ग एकच. आठ आठवडे त्यानं जन्मात न खाल्लेलं एक मांस आणि एक पिष्टमय पदार्थ, बाकी काही नाही. खाऊ नाही, चव घातलेली औषधाची गोळी नाही, जमिनीवर सांडलेलं चाटणंही नाही. बरा झाला की मग जुना एकेक पदार्थ देऊन पाहायचं, कशानं खाज परत येते ते.

मी बदक आणि बटाटे उकडायला लागले. आपल्या घरात कुत्र्याला मासा लागू न देणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. अंथरुणातसुद्धा माशाचा भुसा निघतो. मी अंगणातच कपडे बदलून आत यायची. हळूहळू कान कोरडे झाले. तो सलग झोपायला लागला, आणि मीही. आणि एका सकाळी पंजे पुन्हा लालभडक. शेगडी अजून कोमट होती.

‘बाबा, तुम्ही दिलंत ना?’

‘मी? तूच तर नको म्हणालीस. मी कशाला देऊ?’

माझ्या तोंडावर खोटं बोलतात म्हणून मी इतकी किंचाळले की ओग्बुन काकू कुंपणापाशी आली. ‘अगं, कुत्र्यासाठी म्हाताऱ्याचा जीव घेशील का?’ मी पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तसंच झालं. मग फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, गाम्जाला मासा देऊ नये. बाबांनी ते माझ्यासमोर मोठ्यानं वाचलं, हसले. ‘कुठल्या शहाण्यानं लिहिलंय हे?’ आणि वळून मासा भिजत घातला. किती वाळलंय गं पोर, म्हणाले. मी तिथंच उभी होते, तेउक. ते खोटं बोलतच नव्हते.

शेवटी गाम्जाला ओग्बुन काकूकडे ठेवून ते आठवडे पुरे केले. अंगावर केस आले, कानांचा वास गेला. मग डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून एकेक देऊन पाहिलं. कोंबडी चालली, अंडं चाललं. कढण चमचाभरच दिलं, दुसऱ्या दिवशी तो फरशीवर पोट घासत होता. बाबांना वोनजूच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. त्यांच्यासाठी ताटातून काढून टाकता येईल असं काही निघालं नाही.

तुला हे सांगितलं होतं मी. ‘या वयात विसरतंच माणूस, ताई. माझ्याशी तर मस्त बोलले,’ म्हणालास. दोन मिनिटं कुणीही मस्त बोलतं. नववर्षाला आलास, जेवलास, संध्याकाळी निघालास. त्यानंतर कितीतरी दिवस ते दार उघडं ठेवून बसायचे. घरात बर्फ यायचा. ‘तेउक यायचाय ना अजून, लावू नको.’ तू येऊन गेलास असं सांगितलं की माझ्यावरच चिडायचे, मला का नाही उठवलंस म्हणून. परवाच्या तुझ्या निरोपात काय खातो, वजन किती, घरात घाण करतो का, सगळं होतं. बाबांबद्दल एक अक्षर नव्हतं.

एवढं वाचून तुला वाटलं असेल, ताई नाही म्हणणार. लिहायला बसले तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. पण ने त्याला. काल पुन्हा कान चिघळलाय. बाबांना मी कोंडून ठेवू शकत नाही, आणि काकू तरी किती दिवस सांभाळेल? तू दोघांनाही माझ्याकडे ठेवून गेलास. परत मागितलास तो एकच. तोच दे म्हणतोस तर तोच देते. त्याला मासा देऊ नकोस, माशाचं तेल असलेला खाऊसुद्धा नाही, आणि पोरीला हात धुवायला लाव. फक्त घरी येऊ नकोस. वोनथोंगच्या बसस्टँडवर मी त्याला घेऊन येईन. तुला पाहिलं की बाबा तासभर सुखात असतील आणि पुढचे कितीतरी दिवस दार उघडं राहील. कुत्रा कुठंय विचारतील, तेव्हा सांगेन, आई त्याला फिरवायला घेऊन गेलीय. त्यांना ते पटेल.

अजून तरी तुझीच,
सुनिम ताई