रघ्याची नाणी कशात ठेवायची

प्रिय रघ्या,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तू होतास तेव्हा मिस्ड कॉलवर भागायचं. आता लिहितोय, कारण तुझ्या आयनं तुझ्या नाण्यांचे सगळे डबे-खोकी माझ्यापुढं मांडली आणि विचारलं, "किसना, हे कशात ठेवायचं रं?" मला काय कळतंय त्यातलं? नाणी तुझी, डोकं तुझं. तू भाड्याची जीप चालवायचास, मी नुसता तुझ्या बाजूला बसायचो.

तू काविळीनं गेलास तेव्हा मी वसईला केबलचे खड्डे खणत होतो. फोन आला. मी "बरं" म्हणालो आणि हातातला खड्डा पुरा केला. गावी पोशेऱ्याला आलो तो थेट दिवाळी झाल्यावर. रडू येईल येईल म्हणून बघतोय. येत नाही. दाढ काढताना डॉक्टर गाल बधिर करतो ना, तसं झालंय. आपलाच गाल, पण दुसऱ्याचा वाटतो.

म्हणून नाणीच बघत बसलो.

नाशिकहून आणलेला तुझा तो प्लास्टिकच्या कप्प्यांचा अल्बम! एका पावसाळ्यात तांब्याचे पैसे हिरवे आणि चिकट. जव्हारच्या चपलांच्या दुकानात जाऊन तू बुटांच्या खोक्यातल्या पांढऱ्या पुड्या मागायचास, ओल धरू नये म्हणून. दुकानदार म्हणायचा, "शेट, पुड्या फुकट नेता, बूट कधी नेणार?" आणि शेटच्या पायात झिजलेली स्लिपर!

अल्बम सोडून तू पत्र्याचा डबा घेतलास, तोही गंजलाय. आगपेट्यांना बुरशी आलीय, पण आतली दहा आणि वीस पैशांची हलकी नाणी बरी आहेत.

मधेच आठवलं. दाभोश्याचा धबधबा बघायला आलेल्या मुंबईच्या पोरांनी भाड्यात वीस रुपयांचं नवं नाणं दिलं, तर तू "खोटं आहे" म्हणून परत केलंस. नाणी जमवणारा माणूस तू! महिनाभर मी तुला हसलो. आता हसायला गेलो तर तोंडच उघडत नाही.

काय सांगत होतो? हां, नाणी कशाकशात होती ते. राहिला भोपळा.

तुझ्या पँटीच्या खिशात भोकाचे पैसे सापडले म्हणून आयनं ते सुक्या भोपळ्यात घातले आणि बियाणं म्हणून तुझ्याकडूनच चुलीवरच्या वाशाला टांगून घेतले होते, नागलीच्या बियाण्याशेजारी. कळल्यावर तू केवढा भडकलेलास! "आये, नाणी काय भाजायला टांगायला लावलीस?"

"बियाणाला धुरात कीड लागत नाय, तं तुझ्या पैशाला काय लागंल?"

तू कधीतरी उतरवून ठेवलेला तो भोपळा काल उघडला. पैसे कोरडे ठणठणीत. हिरवा ठिपका नाही, पण सगळे धुरानं काळे. पुसू का? नको. पुसलं की नाण्याचं मोल गेलं, असं तूच म्हणायचास.

आधी मी आयला म्हणालो, "मी नेतो माझ्या बॅगेत." तोंडातून शब्द गेला आणि तू कानाशी बोललास, "बॅगेत? किसन्या, नाणं नाण्याला घासलं की दोघांचं तोंड जातं. तुझ्यासारखं हिंडणं त्यांना परवडत नाय."

मग काल जव्हारला जाऊन पतंगाचा कागद आणला. एकेका नाण्याची वेगळी पुडी केली, म्हणजे घासायला नको आणि काजळी नको. सगळ्या पुड्या भोपळ्यात. तोंडाला फडकं घट्ट बांधलं. टांगायला वर बघितलं तर वासा रिकामा.

बियाण्याचं गाठोडं खाली कोपऱ्यात होतं. ओलसर जमिनीवर.

"आय, बियाणं खाली का?"

"राहिलं टांगायचं," ती म्हणाली आणि भात ढवळत राहिली.

तिचा हात पोचत नाही, रघ्या. दरसाल तूच टांगायचास, तूच उतरवायचास. एवढ्या उंच टांगायची सवय कशाला लावलीस? कोणाच्या जिवावर? बियाणं किडलं असतं तर ती पेरणार काय होती? आणि ती मला नाण्यांचं विचारते. बियाण्याचं तोंडातून काढत नाही!

माझाही हात पोचेना. लाकडी उखळ उपडं घातलं, वर चढलो आणि गाठोडं टांगलं. शेजारी तुझा भोपळा.

आज दुपारच्या जीपनं निघतोय. कुठं, ते ठरलं नाही. मिरगाच्या आधी परत येईन, बियाणं उतरवायला. तेव्हा पुड्याही उघडून बघीन. तू म्हणशील, किसन्याचा शब्द काय खरा! म्हणून आयला काही बोललो नाही. गाठच अशी मारलीय की खालून काठीनं ढोसून सुटायची नाही. सोडायला मलाच उखळावर चढावं लागेल.

तुझा,
किसन्या