खरं लिहायचा रकाना

३ फेब्रुवारी
चाकणला पोचलो. पोलीस भरतीची अकॅडमी हायवेला लागूनच. खाली टेम्पोचं गॅरेज, वर दोन मजले. दुसऱ्या मजल्यावर आम्ही अकरा जण. खिडकीतून कंपन्यांच्या बस आणि कांद्याचे ट्रक दिसतात. हिंगोलीहून बसून बसून पाय आखडले होते, तरी संध्याकाळी सोळाशे मीटर पळालोच. पाच मिनिटं बावीस सेकंद. निरंजन सर सैन्यातून निवृत्त झालेले. घड्याळ बघून म्हणाले, "हिंगोलीकर, वर्दीचं माप देऊन ठेव." शेजारच्या कॉटवरचा सनी मावळातला. माझी गादी फाटकी निघाली तर त्यानं स्वतःची दिली. "ऱ्हाऊ दे भावा, मला फरशीवर झ्याक झोप लागती." रोजचं टायमिंग लिहायची सरांची सक्ती आहे, म्हणून ही वही.

८ फेब्रुवारी
सुट्टी. कासारवाडीला अनंतच्या खोलीवर गेलो. तो चाकणलाच एका कंपनीत गाड्यांचे पार्ट तपासतो. खरं तर त्याच्यासाठीच ही अकॅडमी निवडली. चार वर्षं झाली आमच्या प्रेमाला. त्यानं पिठलं केलं, मीठ विसरला. दोघांनी तसंच संपवलं.

१४ मे
निवड यादीत नाव आलं! सनीचं नाही आलं, तरी त्यानंच मला खांद्यावर घेऊन नाचवलं.
आता चारित्र्य पडताळणी. अर्जात एक रकाना आहे: आजवर कुठल्या पोलीस ठाण्यात तुमच्याविषयी काही नोंद झाली आहे का? झाली आहे. दोन वर्षांपूर्वी गावाकडं आमच्या नात्यावरून कुणीतरी तक्रार केली, मला आणि अनंतला चौकीत नेलं, जबाब घेऊन सोडून दिलं. गुन्हा नव्हताच. पण लपवलं आणि सापडलं तर नोकरी गेली. आणि खोटं लिहून पोलीस व्हायचं नाही मला.
कसं लिहू, म्हणून सरांना विचारलं. आमचं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बरं केलंस सांगितलंस, म्हणाले.

१५ मे
सकाळी मैदानावर सगळ्यांनी माझ्याभोवती रिंगण धरलं. सर म्हणाले, चौकात याच्या फोटोचा फ्लेक्स लावलाय मी. उद्या हे बाहेर आलं तर कोण पाठवील इथं पोरं? मग शिट्टी वाजवली. एक शिट्टी झाली की मारायचं, दुसरी झाली की थांबायचं. कुणी शिवी दिली नाही. कवायत करावी तसे मारत होते. दोन दात पडले. सनीनं हळू मारलं. सरांनी त्याला एकट्याला परत मारायला लावलं.

१६ मे
फोन काढून घेतला. वरच्या सामानाच्या खोलीत कोंडलंय. वही शर्टाखाली होती म्हणून वाचली.
सर कोरा कागद घेऊन आले. लिही, अनंतनं जबरदस्ती केली. म्हणजे तुझ्यावर डाग नाही, वर्दीही मिळेल. मी नाही म्हणालो. त्यांनी गोळाफेकीचा सात किलोचा गोळा माझ्या डाव्या हातावर सोडला. तीन बोटं गेली. उजवा हात ठेवला, सहीसाठी.

१७ मे
चार वेळा आले.
सनीनं पाणी आणलं. रडत होता. "सही कर राव. न्हाईतर उद्या तुला मारायला मलाच पुढं घालत्याल." दार उघडं ठेव म्हणालो. गेला. बाहेरून कडी लावली.

१८ मे
सही केली. केली सही. वाटलं, आता सोडतील —
सरांनी कागद घडी करून खिशात घातला. माझा फोन समोर धरला. माझ्या नावानं अनंतला मेसेज — निवड झाली, शिफ्ट सुटली की इकडंच ये, सगळ्यांना तुला भेटायचंय.
त्याचं उत्तरही दाखवलं. येतो. हार आणतो.

साडेतीन. कंपनीची बस थांबली. खिडकीतून दिसतोय. निळा शर्ट. खरंच हार आहे हातात.
दाराच्या फटीतून दिसतंय, जिन्यात सगळे उभे. हातात काय काय —

कोपरानं काच फोडली. ओरडलो, पळ, अनंत, पळ! ट्रकचा हॉर्न — तरी ऐकलं. वर बघितलं. माझं तोंड बघितलं त्यानं.
पळाला —
रस्त्याकडं नाही. जिन्याकडं. माझ्याकडं. वर —

दार हलत नाही. लाथा घालतोय. खालून आवाज — हाका मारतोय मला. सुजित, सुजित — मारतायत तरी — अजून हाका — अजून — सुजि